गायिका क्रमांक सात

माझी पुतणी बाहेरगावच्या विद्यापीठात प्रयोगकला विभागात पीएच. डी. करते आहे. संशोधनाचा आराखडा मंजुरीला पाठवण्याआधी तो मला दाखवायला ती बेळगावला आली. मी काही विदुषी नाही. मराठी घेऊन बी. ए. झाले, तेही लग्नाआधी, आणि त्यानंतर जे काही वाचलं ते गॅसवर डाळ शिजत असताना. पण घरात वाचणारी बाई मीच, म्हणून मला दाखवायचं असं तिनं सांगितलं. खरं कारण जेवताना बाहेर पडलं.

"काकू, येळ्ळूर रस्त्याच्या शेतावर येणाऱ्या बायका तुझ्या ओळखीच्या आहेत. तू बोलावलंस की येतील. मग मी आठवड्यात रेकॉर्डिंग उरकते."

आराखडा बेचाळीस पानांचा. विषय सीमाभागातल्या बायकांची शेतावरची गाणी आणि ती म्हणण्याची रीत. विषय चांगला आहे, पोरगी हुशार आहे, आवाजही गोड आहे तिचा. उद्दिष्टं, गृहीतकं, पूर्वसंशोधनाचा आढावा, सगळं ऐसपैस. शेवटून दुसऱ्या पानावर 'संशोधनातील नैतिकता' असा मथळा आणि खाली सहा ओळी. माहितीदात्यांची संमती घेतली जाईल. त्यांची नावं गोपनीय ठेवून प्रत्येकीला क्रमांक दिला जाईल. माहितीचा वापर शैक्षणिक कामासाठीच होईल. मागं परिशिष्टात तक्ता आखलेला. गायिका क्रमांक एक, दोन, तीन अशा बारापर्यंत. पुढं वय, जात, शिक्षण, गीतांची संख्या. रकाने कोरे होते. एकही बाई अजून भेटलेली नव्हती, क्रमांक मात्र वाटून झाले होते.

"ह्या सहा ओळी कुठून आणल्यास गे?"

"सगळे असंच लिहितात काकू. आमच्या सीनियरच्या प्रबंधातून घेतल्या."

त्या सीनियरनं आणखी कुणाच्या तरी घेतल्या असतील, आणि मूळ शोधत गेलं तर ते एखाद्या दवाखान्याच्या पाहणीत निघेल. तिथं हा नियम बरोबर आहे. माझ्या गर्भाशयात गाठ आहे हे जगाला कळू नये, म्हणून तिथं मला क्रमांक द्या. मी दुवा देईन. पण गाणं हा काही आजार नाही. गंगूबाई हनगलांवर प्रबंध लिहिताना त्यांना 'गायिका क्रमांक तीन' म्हणायची कुणाची छाती आहे काय? आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीला जन्मलेल्या कुमार गंधर्वांना 'माहितीदाता' म्हणून बघा बरं. जीभ अडखळते. मग चिखलात वाकून, भाताचं रोप लावता लावता, श्वास न तुटता जी शंभर ओव्या म्हणते, तिच्याबाबतीत ती का अडखळत नाही? ती माहिती देत नसते, गात असते. रुग्णाचं नाव झाकणं ही सभ्यता आहे. कलावंताचं नाव झाकलं की त्याची कला बेवारस होते, आणि बेवारस वस्तू ज्याच्या हाती लागेल त्याची. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर कुणाचं नाव असणार ते आपल्याला ठाऊकच आहे.

आता यावर कुणी म्हणेल, मग सरसकट नावं छापा. तेही नको. आपल्या जिल्ह्यात सौंदत्तीचा डोंगर आहे. यल्लम्माच्या पौर्णिमांना तिथं जेवढे भक्त, जवळजवळ तेवढे कॅमेरे असतात. चौंडकं वाजवणाऱ्या जोगतिणीचं गाणं कुणाला प्रबंधासाठी हवं असतं, कुणाला माहितीपटासाठी. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकात १९८२ साली कायदा झाला. देवीला सोडण्याची चाल कायद्यानं बंद झाली, पण ज्या सोडल्या गेल्या होत्या त्यांच्या मुली-नाती आज शाळा-कॉलेजात आहेत, कुणी सासरी नांदते आहे. आजीचं नाव आणि फोटो छापून आला तर त्या नातीच्या घरात काय होईल, याचा हिशेब संशोधकाच्या आराखड्यात कुठल्या रकान्यात असतो? आणि त्याच परंपरेतल्या मंजम्मा जोगती यांनी स्वतःच्या नावानिशी, ताठ मानेनं २०२१ साली पद्मश्री घेतली, हेही विसरू नका. म्हणजे एकीला नाव हवं, दुसरीला नको, तिसरी म्हणेल गाण्याखाली घाला पण गावाचं नाव नको. हे फॉर्म भरण्याआधी बसून विचारावं लागतं, प्रत्येकीला वेगळं. आराखडा तयार झाल्यावर विचारलं तर ते विचारणं राहत नाही, सही घेणं होतं.

आणि विचारणार कोण? इथं माझी पुतणी जरा रागावली. "मी बोलावलं तर येतील," हे ती बरोबर म्हणाली होती. त्या येतीलच. त्यांच्या घरातलं कुणी ना कुणी आमच्या शेतात राबलेलं आहे, उद्या पुन्हा रोजगार आमच्याकडंच मागायचा आहे. मालकिणीनं बोलावलं, पडवीत बसवलं, पुतणीनं कागद पुढं केला. त्यातली कोणती बाई "आज नको, मन नाही" म्हणेल? सगळ्या सही करतील. अंगठा करतील. शंभर टक्के संमती म्हणून ते प्रबंधात अभिमानानं छापलंही जाईल. मी नाही बोलावणार, असं मी तिला सांगितलं. तू सायकलनं जा, बांधावर बस, कुणाची पुतणी ते लपवू नको पण त्या नात्यावर काम काढून घेऊ नको.

"असं केलं तर तीन महिने जातील काकू."

जातील. मग आराखड्यात तीन महिने लिही.

ही कडवट बोलण्याची हिंमत मला आली ती दोन गोष्टींमुळं. एकदा माझं चोरलं गेलं, म्हणून. आणि एकदा मी चोरलं, म्हणून.

पहिली गोष्ट २०१५ च्या ऑगस्टमधली. आमच्या चुलत सासूबाई, वय सत्त्याऐंशी, सल्लेखना घेऊन होत्या. त्याच महिन्यात १० तारखेला राजस्थान उच्च न्यायालयानं सल्लेखना म्हणजे आत्महत्या असा निकाल दिला होता. २४ तारखेला देशभर आपले मूक मोर्चे निघाले. ३१ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. या मधल्या तीन आठवड्यांत आमच्या घरात काय वातावरण होतं ते ज्यांच्या घरी असा प्रसंग होता त्यांनाच कळेल. निकाल राजस्थानचा, पण दारात अनोळखी मोटारसायकल थांबली तरी छातीत धस्स व्हायचं. अशा दिवसांत आम्ही बायका रात्री त्यांच्या उशाशी बसून बारा भावना म्हणायचो. ते गाणं साधं असतं. चाल एकच, संथ, पेटी नाही, टाळ नाही. त्यांचा श्वास जसा मंदावत गेला तशी आमची चाल आपोआप मंदावत गेली. मी आयुष्यात असं गायले नाही, पुन्हा गाईन असं वाटत नाही.

तिसऱ्या रात्री कोनाड्यात पुस्तकांच्या मागं एक मोबाइल उभा केलेला दिसला. रेकॉर्डिंग चालू. कुणाचा, तर नात्यातल्या एकांचे पाहुणे आले होते त्यांचा. धार्मिक संगीताचा अभ्यास करत होते म्हणे. मी तो उचलून बाहेर नेला तेव्हा ते गृहस्थ अतिशय सभ्यपणे म्हणाले, "सांगितलं असतं तर तुमचं गाणं सहज राहिलं नसतं." अभ्यासाच्या दृष्टीनं बरोबरच असेल ते! पुढं म्हणाले, हे फक्त अभ्यासासाठी आहे, कुठं जाणार नाही. माझ्यासमोर त्यांनी ते पुसलं. आधीच्या दोन रात्रींचं पुसलं का, हे मला आजवर माहीत नाही. मरणाऱ्या बाईची खोली, तिचा चेहरा, आमचे आवाज, आणि वर कुणी दोन शब्दांचं शीर्षक लावलं असतं तर पोलीस आणि वार्ताहर दारात यायला एक रात्र पुरली असती. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्या आराखड्यात फक्त आम्ही नव्हतो. आवाज होता, चाल होती, बायका नव्हत्या.

मैत्रिणींनो, इथवर वाचून तुम्हाला माझी बाजू घ्यावीशी वाटेल. थोडं थांबा.

दुसरी गोष्ट १९९६ ची. लग्नाला चार वर्षं झालेली, महिला मंडळात मी नवीन, उत्साही. शहरातल्या एका संस्थेनं लोकगीतांची स्पर्धा ठेवली. आपल्याकडं स्तवनं, आरत्या, पाळणे भरपूर, पण 'लोकगीत' म्हणावं असं काही सुचेना. मी म्हटलं, आमच्या शेतावर एक बाई आहे, लावणीला आली की तिच्या गळ्यातून ओव्या नुसत्या पाझरतात. तिला पडवीत बोलावलं. सासऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणला. तिला चहा दिला, कडेला ठेवलेल्या वेगळ्या कपात. हे लिहिताना हात थांबतो, पण तसं होतं खरं. ती उंबऱ्याबाहेर बसली, आम्ही पाचजणी उंबऱ्याच्या आत. दीड-दोन तास ती गायली. मध्येच म्हणाली, "वैनी, रोप हातात नसलं की सुचंना बघा." आम्ही हसलो.

त्यातल्या एका ओवीत मालकिणीला टोमणा होता. मालकिणीच्या हातभर बांगड्या वाजतात, आणि सुगीला मजुरीचं भात मोजताना त्याच हातातलं माप आखूड होतं, अशा अर्थाचा. ती म्हणताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मीही तिच्याकडं पाहिलं नाही. आमच्या घरी त्या वेळी सुगीची मजुरी भातातच देत, आणि ते माप माझ्याच हातात असायचं.

आम्ही काय केलं? मालकीण काढली, सासू घातली. मात्राही जमल्या. चाल जरा जलद केली, पेटी लावली, टाळ्या पडतील अशा जागा केल्या. नऊवारी नेसून, नथ घालून आठजणी उभ्या राहिलो आणि पहिलं बक्षीस आणलं. 'संकलन आणि बसवणूक' या शब्दांपुढं माझं नाव वाचलं गेलं. ढाल अजून मंडळाच्या कपाटात आहे, तुमच्यापैकी कितीतरीजणींनी ती पुसली असेल.

त्या बाईला आम्ही एक साडी दिली होती. ती भांगलायला आली तेव्हा म्हणाली, "माजं गानं म्हटलासा म्हणे वैनी तुमी. बक्षीस मिळालं?"

"मिळालं की. ढाल मिळाली."

"खायाला येती काय ती?" असं म्हणून ती कामाला लागली. त्यानंतर माझ्यासमोर ती कधी गायली नाही. मी शेतावर गेले की बायकांचं गाणं मध्येच थांबायचं. बरीच वर्षं मला वाटायचं, लाजतात.

आता पुतणीच्या आराखड्याकडं परत येते, कारण खरा धक्का तिथं होता. पूर्वतयारी म्हणून तिनं मंडळाच्या जुन्या वहीतली काही गाणी उतरवून घेतली होती. त्यात ती ओवी होती, माझ्या हस्ताक्षरातली, सासूवाली. आणि तिच्या आधारावर पुतणीनं एका प्रकरणाची रूपरेषा केली होती: 'श्रमगीतांतील सासू-सून संघर्ष'. म्हणजे ज्या बाईनं मालकिणीच्या मापाबद्दल गायलं, ती आता प्रबंधात सासूवर रागावलेली सून होणार होती. मालकीण तिथून सहीसलामत सुटलेली. पुढं दुसरी कुणी तिचा प्रबंध वाचून आणखी एक प्रकरण लिहील, आणि मी एका संध्याकाळी केलेली लबाडी विद्वत्ता म्हणून पिढ्यान् पिढ्या चालेल. नीती वेगळी आणि शास्त्र वेगळं असं जे मानतात त्यांनी हे जरा बघावं. विचारून घेतलं असतं, नाव लावलं असतं, बदल तिला दाखवला असता, तर ती म्हणाली असती, "सासू न्हवं वैनी, मालकीण." माहितीसुद्धा खरी राहिली असती.

पाठशाळेत आपण अचौर्याणुव्रत पाठ केलं. न दिलेलं घेणं ते अदत्तादान. त्याचे पाच अतिचारही घडाघडा म्हणायचो: चोराला उत्तेजन, चोरीचा माल घेणं, राज्याचा नियम ओलांडणं, खोटी मापं, आणि भेसळ. भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची एक काडी जास्त आली तर परत करणाऱ्या आपण. पण गाणं कुणाचं असतं, ते हवेत असतं, अशी आपली समजूत. मी मूळ व्रत मोडलंच, वर मापाचा आणि भेसळीचा असे दोन अतिचारही एकाच गाण्यात साधले. आणि पुतणीला नकळत चोरीचा माल घेणारी केलं.

कायदा काय म्हणतो तेही मी पुतणीकडूनच समजून घेतलं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीनं त्यात सादर करणाऱ्यांचे हक्क आले. सादर करणारा कोण, याच्या व्याख्येत नट, गायक, नर्तक यांच्या पंक्तीला कसरत करणारे, जादूगार आणि साप खेळवणारा गारुडीसुद्धा बसवला आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. हा हक्क पन्नास वर्षांचा. २०१२ च्या दुरुस्तीनं आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लागावं असं म्हणायचा हक्कही मिळाला. पण त्याच कायद्याचं कलम ३९ सांगतं की प्रामाणिक अध्यापनासाठी किंवा संशोधनासाठी केलेलं ध्वनिमुद्रण हा हक्काचा भंग नाही. पुतणीच्या मते हे कलम तिच्या बाजूचं. माझ्या मते तिची जबाबदारी तिथंच वाढते. घरमालकानं किल्ली दिली म्हणून आपण त्याची कपाटं उघडतो काय?

आणि 'शैक्षणिक कामासाठीच' ह्या शब्दांवर किती भिस्त ठेवायची? सॉलोमन बेटांचं एक उदाहरण आहे, पार प्रशांत महासागरातलं. १९७० च्या सुमारास ह्यूगो झेम्प नावाच्या अभ्यासकानं मलाइता बेटावर अफुनाक्वा नावाच्या बाईचा पाळणा ध्वनिमुद्रित केला. माणूस गंभीर, कळकळीचा. युनेस्कोच्या संग्रहात ती तबकडी निघाली. १९९२ मध्ये 'डीप फॉरेस्ट' नावाच्या फ्रेंच जोडीनं तो आवाज उचलून खाली नाचाचा ठेका घातला आणि ते गाणं जगभर लाखोंनी खपलं. आणखी चार वर्षांनी यान गारबारेक या नामवंत वादकानं तीच चाल वाजवली आणि तिला आफ्रिकेतल्या पिग्मींचा पाळणा म्हटलं. बाईचं नाव गेलं, बेट गेलं, खंडसुद्धा बदललं. आणि मूळ पाळण्यात काय आहे? बाप गेलेल्या घरात मोठं भावंड रडणाऱ्या धाकट्याची समजूत काढतं आहे. त्यावर लोक नाचले. झेम्पनं पुढं याविरुद्ध आवाज उठवला, लिहिलं, भांडला. पण ध्वनिमुद्रण एकदा हातातून गेलं की अभ्यासकाचा सद्‌हेतू त्याच्या मागं धावत जाऊ शकत नाही. म्हणून ते कुठं ठेवणार, किल्ली कुणाकडं, कुणी मागितलं तर गाणारीला किंवा तिच्या मुलांना विचारल्याशिवाय देणार की नाही, हे आधी लिहायचं. पुतणीच्या आराखड्यात याबद्दल एकच वाक्य होतं: विभागाच्या ग्रंथालयात एक प्रत जमा केली जाईल. गाणाऱ्या बायकांना प्रत द्यायची, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पैशाचं बोलायला सुशिक्षितांना लाज वाटते, म्हणून मी बोलते. अंदाजपत्रकात रेकॉर्डर होता, प्रवास होता, टंकलेखन-बांधणी होती, आणि बायकांच्या नावापुढं 'अल्पोपाहार'. केंद्राची ज्युनिअर फेलोशिप २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. ती मिळते हे उत्तमच, मिळायलाच हवी. पण लावणीच्या हंगामात दिवसाचा रोजगार बुडवून जी गायला बसेल तिला उपमा आणि चहा? मार्गदर्शक म्हणाले म्हणे, पैसे दिले की माहिती दूषित होते, बायका पैशासाठी काहीही गातील. गवंड्याला मजुरी दिली म्हणून भिंत वाकडी होते काय? सभागृहात गाणाऱ्याला मानधन दिल्यानं त्याचा षड्ज ढळलेला मी ऐकला नाही. बुडालेला रोज भरून देणं हा किमान व्यवहार आहे. त्याहून जास्त द्यायचं की नाही, ते त्या बायकांशी बोलून ठरव.

माझ्या या सगळ्या बोलण्यावर एक आक्षेप खरा आहे, आणि तो मला छळतो. काकू, एवढं विचारत बसलं तर गाणीच उरणार नाहीत. म्हाताऱ्या बायका जाताहेत, पोरी बांधावर मोबाइल लावून काम करतात. हे खोटं नाही. मात्र याच घाईनं मी टेपरेकॉर्डर आणला होता, आणि त्या घाईनं एक गाणारी कायमची गप्प झाली. आणि विचारून केलेलं काम मोठं होत नाही असंही नाही. पुण्याकडं हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी १९८० च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या तेव्हा गावातल्या, संघटनेतल्या बायकाच गोळा करणाऱ्या झाल्या. ओव्या लाखाच्या वर गेल्या. पुढं 'परी' या ग्रामीण संग्रहानं त्या प्रसिद्ध करताना गाणारीचं नाव, गाव, फोटो दिला, पुन्हा गावात जाऊन बायकांना शोधलं, ज्या हयात नव्हत्या त्यांच्या घरच्यांना भेटले. एक लाख ओव्यांना जे जमलं ते बारा बायकांना जमणार नाही?

पुतणीनं आराखडा परत नेला आहे. रागावून गेली, आठवड्यानं फोन आला. परिशिष्टातला तक्ता काढला म्हणाली. पहिला महिना रेकॉर्डर न नेता जाणार. संमतीचा कागद मराठीत आणि कानडीत करणार, वाचून दाखवणार, आणि "आता नको" म्हणायला गाणं झाल्यावरही एक महिना देणार. मार्गदर्शक कुरकुरताहेत. सासू-सून प्रकरण मात्र तिला सोडवत नाही. "दुसरी उदाहरणं मिळतील की काकू," म्हणते. मिळतील. ती मिळू देत, माझं नको.

आणि आता माझं काम तुम्हा मंडळातल्या बायकांकडं आहे. १९९६ ची ती बाई सहा वर्षांपूर्वी गेली. तिचा मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. दोन वर्षांपूर्वी तो घरी आला आणि उंबऱ्यावर उभा राहून विचारू लागला, "वैनी, आईचा आवाज तुमच्याकडं टेप केलेला हुता म्हणं. ऐकायला मिळंल काय?" मी त्याला आत बसवलं आणि माळ्यावरून कॅसेटचा खोका काढला. ती कॅसेट सापडली. लावली. तिच्यावर आमच्या दशलक्षण पर्वाच्या स्तवनांची तालीम होती, दोन्ही बाजूंनी. कॅसेट वाया जाऊ नये म्हणून आम्हीच तिच्यावर टेप केलं होतं. तो अर्धा तास बसून आमची स्तवनं ऐकत राहिला, मध्येच कुठं आईचा आवाज राहिला असेल म्हणून.

त्या वेळी सरावासाठी दोघी-तिघींनी मूळ कॅसेटच्या प्रती करून नेल्याचं मला आठवतं. कोणी ते आठवत नाही. आपापल्या माळ्यावर, ट्रंकेत, माहेरी बघा. वर नाव नसेल, आम्ही 'लोकगीत' एवढंच लिहिलं होतं. तिचं नाव मी या लेखात लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. मुलाला विचारलं होतं, लिहू काय म्हणून. तो म्हणाला, "आदी आवाज गावतो काय बघा. मग नाव घाला."